हेरिटेज घराचं आतलं काम काढलंय, गिलावा काढून विटा उघड्या कराव्यात का? (आणि बाकी बरंच)

तिसरी_पायरी
नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसती वाचत होते, आता गळ्याशी आलंय म्हणून लिहितेय, सांभाळून घ्या.

आमचं राहतं घर संरक्षित वास्तूंच्या यादीत आहे. खाली दोन खोल्या, वर दोन, त्यावर माळा. भिंती ४५ सेंमी जाड (टेप लावून मोजल्यात), विटा चुन्यात बांधलेल्या, वर लाकडी तुळया आणि तक्तपोशी (फळ्यांचं छत). बाहेरून काही करायचं तर परवानगी लागते हे माहीत होतं, पण आतलं काय, आपलंच घर आहे, असं धरून चाललो होतो. आता कंत्राटदार म्हणतो तीन महिन्यांत चकाचक करून देतो, आणि मला उगाच धाकधूक होतेय.

करायचं काय आहे तर दिवाणखान्याची एक भिंत खरवडून विटा उघड्या करायच्या आणि त्यावर चमक येणारं सीलर मारायचं (हे माझं स्वप्न, हसू नका), वरच्या खोलीत बाथरूम काढायचं, दादाला सगळीकडे फॉल्स सीलिंग हवंय म्हणजे वायरी लपतील, वरच्या लाकडी जमिनीवर टाइल्स, आणि जिन्याखालच्या कोपऱ्यात ओल आहे तिचा कायमचा बंदोबस्त. त्या कोपऱ्यात सहा वर्षांपूर्वी सिमेंटचा गिलावा केला होता, तो आता पोपडे धरून पडतोय आणि ओल पूर्वीपेक्षा हातभर वर चढलीय. असं का व्हावं?

चुनकळी
आधी कंत्राटदाराला थांबवा. मी याच कामात आहे म्हणून जरा लांबण लावतो.

पहिली गोष्ट, तुमच्या घराच्या नोंदीत नेमकं काय लिहिलंय ते काढून वाचा. प्रत्येक ठिकाणचा कायदा वेगळा. कुठे फक्त दर्शनी भाग जपायचा असतो, कुठे आतला जिना, दारं, छत, अगदी बिजागऱ्यासुद्धा. इंग्लंडमध्ये इमारत यादीत आली की आतबाहेर सगळीच आली, आणि परवानगी न घेता त्यात फेरफार केला तर तो फौजदारी गुन्हा होतो. तुमच्याकडे इतकं कडक नसेलही, पण "आतलं आपलं" हे गृहीत धरून घण घालू नका. अर्ज करायच्या आधी त्या खात्यातल्या माणसाला घरी बोलावून दाखवता आलं तर उत्तम, कागदावर नाही म्हणणारा माणूस जागेवर येऊन बऱ्याचदा वाट काढून देतो.

दुसरी, काहीही काढण्याआधी फोटो. प्रत्येक खोलीची प्रत्येक भिंत समोरून, शेजारी मोजपट्टी धरून. कुठलं दार कुठल्या चौकटीतलं ते खडूने मागे लिहून ठेवा. नंतर आठवेल असं वाटतं, आठवत नाही.

तिसरी, तुमच्या विटा. सॉरी, पण नका करू.

तिसरी_पायरी
का पण? सगळ्या मासिकांत तसंच असतं. आणि भिंत तर आतलीच आहे.

चुनकळी
मासिकातली भिंत बहुधा उघडी ठेवायची म्हणून बांधलेली असते नाहीतर वरून चिकटवलेली असते. तुमची गिलावा होणारच हे धरून बांधलीय. गवंडी चांगल्या भाजलेल्या, सरळ धारेच्या विटा बाहेर दिसतील तिथे लावायचा आणि कच्च्या, वाकड्या, फुटक्या आत ढकलायचा, दरजाही (विटांमधले सांधे) ओबडधोबड, कारण गिलाव्याला तशीच धर हवी असते. तुम्ही खरवडाल तेव्हा त्या विटांचं तोंडही सोबत निघेल आणि खाली लाल भुगा. त्याला सीलर मारलं की भिंतीतला ओलावा बाहेर पडायचा रस्ता बंद. मग पाणी आतच फिरणार, क्षार सीलरच्या मागे साठणार, त्यांचे खडे होताना ते फुगतात आणि विटेचा पापुद्रा ढकलून काढतात. दोन-चार वर्षांत चमकदार पापुद्रे हातात येतात, बघितलंय मी.

आणि तो गिलावासुद्धा घराचाच भाग आहे हो. दीडशे वर्षांपूर्वी कुणी करणी फिरवली त्याचा हात दिसतो त्यात, तिरका उजेड पडला की बघा.

घुमटाकार
हा वाद लई जुना आहे. १९व्या शतकात इंग्लंडमध्ये जुनी चर्चेस "मूळ रूपात" आणायची टूम निघाली होती, आतला जुना गिलावा खरवडून दगड उघडे करायचे, हे म्हणजे जुनं असं समजून. त्यावर भडकून कवी आणि कारागीर विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये जुन्या इमारती वाचवायला संस्था काढली आणि तिचं लाडकं नाव पडलं 'अँटी-स्क्रेप', खरवड-विरोधी! त्याचं म्हणणं थोडक्यात असं, जीर्णोद्धाराच्या नावाने खोटं जुनं करू नका, रोज थोडी निगा राखा. पलीकडच्या तीरावर फ्रान्सचे वास्तुविशारद व्हियोले-ल-द्युक. ते उघड म्हणायचे की जीर्णोद्धार म्हणजे वास्तूला अशा पूर्णावस्थेत आणणं, जी कदाचित कधीच नव्हती. त्यांनी कार्कासोनचा कोट नव्यासारखा उभा केला.

थोडक्यात तिसरी_पायरी ताई, तुमचं स्वप्न मोडण्यामागे दीडशे वर्षांची परंपरा आहे, वाईट वाटून घेऊ नका.

भाडेकरू_नं२
सगळं छान आहे. पण बिल कोण भरणार ते कुणी बोलत नाही. यादीत घर टाकलं त्यांनी, वाहवा शेजाऱ्यापाजाऱ्यांची, आणि गळणाऱ्या छपराखाली बादल्या लावायच्या आम्ही. साध्या खिडकीच्या परवानगीला आमचे सात महिने गेले, तोवर चौकट कुजून गेली. वारसा वगैरे ठीक आहे हो, माणसांना संडास लागतो.

मावशी_म्हणतात
@भाडेकरू_नं२, तुमचं खरं आहे, आम्हीही त्यातून गेलोय. पण आमचं जास्तीचं बिल झालं ते नियमांमुळे नाही, आमच्याच घाईमुळे. ओल दिसली की सिमेंट, परत दिसली की वॉटरप्रूफ सिमेंट, परत दिसली की त्यावर प्लायवूडचं पॅनेलिंग म्हणजे दिसायचंच बंद! चार वर्षांनी पॅनेल काढलं तर मागे वाळवीने तुळईच्या टोकाशी घर केलेलं. तुळई भिंतीत जिथे बसते ना, नेमकं तिथे. तेव्हा जे पैसे गेले त्यात तीन चुन्याचे गिलावे झाले असते. आमच्या ह्यांनी अजून त्या पॅनेलिंगच्या माणसाचं नाव घेतलं की पाणी मागतात.

चुनकळी
मावशींनी मुद्द्याचं सांगितलं. तिसरी_पायरी, तुम्ही विचारलंत ओल वर का चढली, तर ऐका.

जुनी भिंत पाणी अडवत नाही, पिते आणि सोडते. पावसाचं, जमिनीचं थोडं पाणी येतं, चुन्याच्या गिलाव्यातून वाफ होऊन जातं, हिशेब जुळतो. १८२४ मध्ये जोसेफ अ‍ॅस्पडिनने पोर्टलँड सिमेंटचं पेटंट घेतलं, पण घराघरात ते पोचायला पुढे बराच काळ गेला, त्यामुळे जुन्या घरांचं हे गणित चुन्यावर बसवलेलं आहे. तुम्ही मध्येच एका पट्ट्यात सिमेंट मारलंत, पाण्याला तिथून बाहेर पडता येईना, मग ते जिथे वाट मिळेल तिथवर चढलं, म्हणजे सिमेंटच्या वरच्या कडेपर्यंत. हातभर वर, बरोबर? सिमेंट कडक, खालची वीट आणि चुना मऊ, घर थोडं हललं की ते भिंतीसोबत हलत नाही, सुटतं आणि सुटताना विटेचं तोंड घेऊन जातं.

पण नुसता गिलावा बदलून ओल जाणार नाही हेही सांगतो. पाणी येतंय कुठून ते आधी. माझा अनुभव, "जमिनीतून ओल चढतेय" असं म्हणत लोक भिंतीला भोकं पाडून केमिकल भरतात आणि खरा चोर निघतो तुंबलेली पन्हळ, फुटका पाइप, नाहीतर बाहेरची जमीन भरत भरत जोत्याच्या वर आलेली. भर पावसात छत्री घेऊन घराभोवती एक फेरी मारा, हजार रिपोर्टांच्या तोडीचं काम होतं. आणि ते दोन टाचण्यांचं ओलावा मोजायचं यंत्र भिंतीवर लावून कुणी घाबरवलं तर घाबरू नका, क्षार असले की ते कोरड्या भिंतीलाही ओली म्हणतं. लाकडावर मात्र चालतं, २० टक्क्यांच्या वर आकडा गेला की बुरशी धरायचा धोका.

फ्यूज_उडाला
वायरिंगबद्दल मी बोलतो, तेवढंच कळतं मला.

जुनी रबराच्या आवरणाची वायर निघाली तर ती बदलाच, तिथे वारसा बिरसा काही नाही, रबर कडक होऊन बोट लावलं तरी झडतं आणि तिच्या शेजारी शंभर वर्षं वाळलेलं लाकूड. पण बदलायची म्हणून भिंतीत खाचा मारत सुटू नका. जुन्या वायरीची वाट असेल तर तीच वापरा, तक्तपोशीच्या वरची पोकळी, जिन्याखाली, कपाटाच्या मागे, दाराच्या चौकटीलगत. बाकी ठिकाणी उघड्यावरून पट्टीत न्या, भिंतीच्या रंगाची पट्टी दिसत नाही फारशी. उद्या कुणाला काढावीशी वाटली तर चार स्क्रू काढले की झालं. स्क्रू विटेत नको, दरजेत मारा, दरज परत भरता येते.

फॉल्स सीलिंगला माझा विरोध आहे, दादांना सांगा. वर काय चाललंय ते दिसेनासं होतं. गळती महिनोन् महिने कळत नाही आणि आग लागली तर त्या पोकळीतून पसरते.

आगीचं अजून एक. जुनी घरं नांदताना जळत नाहीत तितकी काम चालू असताना जळतात. इंग्लंडात अपार्क नावाचा मोठा वाडा आहे, १९८९ च्या ऑगस्टात छपरावर शिशाच्या पत्र्याचं काम चालू होतं, ब्लोटॉर्चने पेट घेतला, तेही काम संपायला थोडेच दिवस राहिले असताना. आतलं सगळं परत उभं करून लोकांना दाखवायला १९९५ उजाडलं. पॅरिसच्या नोत्र-दामलाही २०१९ मध्ये आग लागली ती छपराची दुरुस्ती चालू असतानाच. म्हणून करारात लिहून घ्या, वेल्डिंग, टॉर्च, रंग जाळून काढायची हीटगन घरात चालणार नाही, आणि अगदीच लागली तर काम संपल्यावर निदान तासभर कुणीतरी तिथे बसून राहायचं. कामगार पाच वाजता आवरून जातात, धूर सात वाजता दिसतो.

तिसरी_पायरी
बापरे. दादाला हे सगळं वाचून दाखवलं, तो म्हणाला हे लोक घर दुरुस्त करायला सांगतायत की सोडून जायला. पण सीलिंगचा विषय त्याने स्वतःहून बंद केला, आगीचं ऐकून गप्प बसला.

मग जमिनीचं आणि बाथरूमचं काय? ते तरी करू का?

रंधा_पटाशी
टाइल्स नको. सरळ हिशेब करा. लाकडी जमिनीवर टाइल बसवायची तर आधी ५ सेंमी काँक्रीट ओततात, ते चौरस मीटरला १२० किलो होतं, वर टाइल आणि चिकटवायचा मसाला वेगळा. राहत्या घराच्या जमिनीवर माणसं-सामान धरून चौरस मीटरला १५० ते २०० किलोचा हिशेब हल्ली करतात. म्हणजे तुम्ही पाय ठेवायच्या आधीच निम्म्याहून जास्त संपलं. शिवाय लाकूड पावसात फुगणार, उन्हाळ्यात आक्रसणार, टाइल बिचारी तडकणार.

फळ्या कुठे कुजल्या असतील तर अख्ख्या बदलू नका, कुजलेला तुकडा कापून त्याच जातीचं, जमलं तर तेवढंच जुनं लाकूड जोडा. तुळईचं टोक गेलं असेल तर तेवढंच कापून तिरका लांब जोड देता येतो, इंजिनियर बघून सांगेल. जुनं लाकूड सावकाश वाढलेल्या झाडाचं असतं, दाट रेषांचं. नवीन आणून बसवाल ते त्याच्या निम्मंही टिकत नाही, हे मी लाकूडवाल्यांच्या शिव्या खाऊन सांगतो.

खिडकीच्या काचा लाटालाटांच्या असतील तर फोडू देऊ नका हं. तशी काच आता सहज मिळत नाही, १९५० च्या दशकात फ्लोट काच आली आणि जिकडेतिकडे आरशासारखी सपाट काच झाली. (अवांतर: जुनी काच हळूहळू खाली वाहते म्हणून खालून जाड असते ही निव्वळ थाप. बनवतानाच असमान व्हायची, लावणारा जाड बाजू खाली ठेवायचा.)

चुनकळी
बाथरूम होऊ द्या, भाडेकरू_नं२ म्हणतात ते बरोबरच आहे, माणसं राहिली नाहीत तर घर दहा वर्षांत पडतं. फक्त जागा नीट निवडा. खालच्या स्वयंपाकघराच्या डोक्यावर असेल तर पाइप सरळ खाली जातो, तुळया कापायला लागत नाहीत. सांडपाण्याच्या पाइपाला उतार हवा, तो तुळईत खाच मारून काढतात आणि हा सगळ्यात सर्रास होणारा गुन्हा आहे. त्यापेक्षा बाथरूमची जमीन एक पायरी उंच करा, उतार त्या पोकळीत बसवा. भिंतींना टाइल थेट लावू नका, आत हलकी चौकट उभी करून तिच्यावर लावा, मागे हवा खेळू द्या. खोलीत खोली ठेवल्यासारखं. उद्या काढली तर जुनी खोली तशीच सापडली पाहिजे. टब नको, भरला की पाण्याचंच ओझं २०० किलोच्या घरात जातं. आणि पंखा असा लावा की वाफ बाहेर जाईल, माळ्यावर नाही. माळ्यावर सोडलेला मी बघितलाय.

घुमटाकार
ही "उद्या काढता आलं पाहिजे" वाली गोष्ट या क्षेत्रात सगळीकडे मानतात. १९६४ च्या व्हेनिस सनदेत (जुन्या वास्तू कशा जपाव्यात याची आंतरराष्ट्रीय तत्त्वं) असं आहे की जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे, आणि नवं बसवलेलं जुन्याशी जुळावं पण नवं म्हणून ओळखू यावं. १९७९ ची ऑस्ट्रेलियातली बर्रा सनद सोप्या भाषेत सांगते, लागेल तेवढं करा, पण कमीत कमी. कंत्राटदार नेमकं याच्या उलट पोट भरतो म्हणून वाद होतात :-)

भाडेकरू_नं२
शेवटचं वाक्य फ्रेम करून लावतो.

तिसरी_पायरी
(पाच आठवड्यांनी)
अपडेट देते, बऱ्याच जणांनी विचारलं.

कंत्राटदार बदलला. आधीचा म्हणाला चुन्याचं काम हल्ली कुणी करत नाही, आणि दुसऱ्याच आठवड्यात चुन्याचा गवंडी सापडला, सत्तरीचा आहे, नातू हाताखाली. त्याने पहिले दोन दिवस काहीच केलं नाही, नुसता भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक करत फिरला आणि जिथे पोकळ आवाज आला तिथे खडूने गोल केले. दिवाणखान्याच्या भिंतीत फक्त चार गोल! म्हणजे आम्ही अख्खी भिंत खरवडणार होतो ती चार ठिकाणं सोडली तर ठणठणीत आहे.

वायरीच्या कामात वरच्या दाराचा रंग थोडा निघाला, खाली सात थर, सगळ्यात खाली गडद हिरवा.

मावशी_म्हणतात
अगं रंग घासू नकोस कोरडा! जुन्या रंगात शिसं असतं. अमेरिकेत घरांसाठी त्याच्यावर १९७८ मध्ये बंदी आली, म्हणजे त्याआधीचा कुठलाही थर संशयितच धरायचा. घरात लहान मूल असेल तर आधी तपासणी करून घे. काढायचाच तर ओला करून खरवड, धूळ झाडूने उडवायची नाही.

चुनकळी
आणि सात थरांची एक छोटी पट्टी, तळहाताएवढी, दाराच्या मागच्या बाजूला तशीच ठेवा. पायऱ्या पायऱ्यांनी उघडलेली. पुढच्याला कळेल. बाकी दाराला वर रंग द्या तुमच्या आवडीचा, हिरवाच दिला पाहिजे असं काही नाही.

चुन्याचं काम करताना घाई नको. एक थर साधारण १० मिमीच्या वर जाड नको, आणि तो वाळत नाही, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा दगड होत जातो, त्याला थोडा ओलावा लागतो. म्हणून पहिले काही दिवस पाणी शिंपडत राहायचं, उन्हापासून झाकायचं. पंखे लावून वाळवलात तर भुसभुशीत होईल. वरून रंगही चुन्याचाच, नाहीतर हे सगळं करून प्लास्टिकचा रेनकोट घातल्यासारखं होईल.

तिसरी_पायरी
गवंडीबाबा हेच म्हणाले, शब्द वेगळे. ते म्हणाले चुन्याला बाळासारखं बघायचं.

आता त्या जिन्याखालच्या कोपऱ्याचं. छत्री घेऊन फेरी मारली बरं का. चोर सापडला. वरच्या पन्हळीचा उभा पाइप मधोमध फुटलाय आणि सगळं पाणी भिंतीवरून ओघळतंय, बाहेरून वेल चढवल्यामुळे कुणाला दिसलंच नव्हतं. सहा वर्षं आम्ही आतून सिमेंट लावत होतो आणि बाहेर नळ चालू! पाइप बदलला, आतलं सिमेंट हळूहळू छिन्नीने काढलं, भिंत उघडी आहे. नवा गिलावा लगेच करायचा का?

चुनकळी
नाही. भिंत आधी वाळू द्या. ठोकताळा असा आहे की दर २५ मिमी जाडीला एक महिना. तुमची ४५ सेंमी, म्हणजे १८. दोन्ही बाजूंनी हवा लागत असेल तर बरंच लवकर, पण तुमच्याकडे बाहेर वेल आहे. वरती पांढरा लोणा (क्षारांची पूड) येत राहील, तो कोरड्या ब्रशने झाडून पोत्यात भरायचा, पाण्याने धुवायचा नाही, नाहीतर क्षार परत आत.

तिसरी_पायरी
अठरा महिने??? पाहुण्यांना काय सांगू?

मावशी_म्हणतात
सांग की भिंत उघडी ठेवलीय, हल्ली फॅशन आहे.

तिसरी_पायरी
🤦‍♀️ मावशी! ... पण हो की, मला उघड्या विटा हव्याच होत्या. मिळाल्या, जिन्याखाली. दादा कालपासून हसतोय.

वेल उतरवतेय रविवारी. लोणा झाडायला कुठला ब्रश, तारेचा की केसाचा?

चुनकळी
केसाचा.